बंदी पासपोर्टवर

रविवारी, २७ मार्च २०२२ ला, नेहमीच्या वेळापत्रकाची आंतरराष्ट्रीय विमानं पुन्हा सुरू झाली. २३ मार्च २०२० ला थांबलेली ही वाहतूक मोकळी व्हायला दोन वर्षं आणि वर चार दिवस लागले. चाळीस देशांतल्या साठ परदेशी कंपन्यांना उन्हाळी वेळापत्रकात आठवड्याला १,७८३ फेऱ्यांची परवानगी मिळाली. विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावरचे पीपीई किट उतरले. प्रवासात कोणी आजारी पडलं तर म्हणून रिकाम्या ठेवाव्या लागणाऱ्या तीन खुर्च्याही सुटल्या. त्यातच पुढच्या शनिवारी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातले करोनाचे सगळे निर्बंध उठले.

आनंद होताच. दोन वर्षं नातवंडाला फक्त मोबाइलवर पाहिलेल्या आजी-आजोबांनी तिकिटं काढली आणि त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण अशा आनंदाच्या गर्दीतच सरकारं जुना हिशेब मिटवून टाकतात. या दोन वर्षांत जगभरच्या सरकारांनी सीमेवर जे नियम लावले, त्यांतले बरेचसे विषाणूकडे बघून लावलेच नव्हते. ते पासपोर्ट बघून लावले होते. ज्याचा पासपोर्ट हलका, त्याला नियम जड. आणि नियमाचा खर्च दर वेळी त्याच्याच खिशातून.

सुरुवातीला दारं लावली ते योग्यच केलं. मार्च २०२० मध्ये चाचण्या पुरत नव्हत्या, खाटा नव्हत्या, या आजाराची नीटशी माहितीही कोणाला नव्हती. न्यूझीलंडने वेळेवर सीमा बंद करून आपली माणसं वाचवली, हे कोणी नाकारू नये. माझं भांडण बंदीशी नाही. बंदी कोणावर, कशाच्या आधारावर, किती दिवस आणि कोणाच्या पैशाने, एवढ्यापुरतं ते आहे.

आधार म्हणाल तर देशांची यादी. या याद्यांनी दोन वर्षं जगाला नाचवलं, आणि एकाही यादीला विषाणूच्या पुढे पोहोचता आलं नाही. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. ते दुबईची सहल करून आले होते. ते उतरले तेव्हा आपल्या विमानतळांवर चीन, इटली, इराण, जपान अशा ठरावीक देशांतून येणाऱ्यांची तपासणी चालू होती. दुबई यादीत नव्हती. साऱ्या जगाची विमानं जिथे येऊन मिळतात ते शहर सुटलं, कारण रुग्णांचा आकडा दुसरीकडे मोठा दिसत होता. वरातीमागून घोडं हाकायची ही रीत तिथे सुरू झाली आणि शेवटपर्यंत सुटली नाही.

मग आला परदेशाहून येणाऱ्यांच्या हातावरचा शिक्का. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मतदानाच्या शाईने, तारखेसकट. मुंबईकरांचं रक्षण करताना अभिमान वाटतो असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. घरीच राहा, हा हुकूम ठीक होता. पण ज्याचं घर विमानतळापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर आहे त्याने घर गाठायचं कसं, याचा विचार शिक्का मारणाऱ्याने केला नव्हता. १८ मार्चला गरीब रथ गाडीतून हातावर शिक्का असलेल्या चौघांना पालघरला उतरवलं गेलं. ते जर्मनीहून आले होते आणि सुरतेला निघाले होते. सहप्रवासी घाबरले यात त्यांचा दोष नाही. दोष त्यांचा, ज्यांनी माणसाच्या हातावर तारीख टाकली आणि त्याला वाहन दिलं नाही.

यादीचा खरा कस लागला तो ओमायक्रॉनच्या वेळी. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचा नवा अवतार हेरला आणि २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. काहीही न दडवता, ताबडतोब. दोन दिवसांत ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेला लाल यादीत टाकलं आणि २९ तारखेपासून अमेरिकेने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या आठ देशांना दार लावलं. खरं बोलणाऱ्याला जगाने ही शिक्षा दिली. आणि विषाणू कुठे होता? नेदरलँड्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने महिनाअखेरीस सांगितलं की तिथे १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतच ओमायक्रॉन होता. म्हणजे ज्या दोन विमानांतल्या सुमारे सहाशे प्रवाशांना २६ तारखेला ॲम्स्टरडॅमच्या धावपट्टीवर तासन्तास बसवून ठेवलं, ती विमानं उतरायच्या आधीच तो गावात फिरत होता. आपल्याकडे २ डिसेंबरला पहिले दोन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले. त्यांतला एक बंगळुरूचा डॉक्टर. तो परदेशी गेलेलाच नव्हता.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आफ्रिकेवर बंदी घालून युरोप निर्धास्त झाला आणि युरोपात ओमायक्रॉन पिकत राहिला.

यात आपलाही एक धागा आहे आणि तो लपवून चालणार नाही. आफ्रिकेत लस पोहोचली नाही याचं एक कारण पुण्यात आहे. गरीब देशांना लस देणाऱ्या कोव्हॅक्स योजनेची बरीच भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस बनवणाऱ्या कंपनीवर होती. मार्च २०२१ च्या शेवटी आपण निर्यात आवळली, कारण आपल्याकडे रुग्ण झपाट्याने वाढत होते. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. पण सीरमचे डोस कोव्हॅक्सकडे पुन्हा निघायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. तोवर आफ्रिका खंडात दोन्ही डोस मिळालेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होतं. श्रीमंत देश तोवर तिसऱ्या डोसावर गेले होते. लस द्यायची नाही, आणि लस नाही म्हणून यायचंही नाही, असा हा न्याय होता. आणि त्या आठवड्यात दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, झिम्बाब्वे आपल्याही जोखमीच्या यादीत होतेच.

आपल्या राज्याने त्या आठवड्यात काय केलं तेही सांगितलं पाहिजे. केंद्राने जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांची विमानतळावर चाचणी आणि सात दिवस घरी विलगीकरण असा नियम केला. महाराष्ट्राने ३० नोव्हेंबरला त्यावर आपला आदेश काढला: जोखमीच्या देशांतून आलेल्या प्रत्येकाने सात दिवस संस्थात्मक विलगीकरणात राहायचं, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी करायची. जोखमीच्या यादीत अख्खा युरोप होता. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आरोग्य सचिवांचं पत्र आलं, की तुमचा आदेश आमच्या नियमाशी जुळत नाही. २ डिसेंबरला राज्याने तो बदलला आणि संस्थात्मक विलगीकरण आफ्रिकेतल्या तीन देशांपुरतं ठेवलं. तीन दिवसांत नियम उलटसुलट झाला. जो माणूस एका नियमाखाली फ्रँकफर्टला विमानात चढला, तो दुसऱ्या नियमाखाली मुंबईत सहारला उतरला. हातात दोन बॅगा, शेजारी म्हातारी आई, आणि समोर पीपीई किटमधला पालिकेचा कर्मचारी, ज्याला स्वतःलाच आज कोणता आदेश चालू आहे हे धड माहीत नाही. त्या कर्मचाऱ्यावर ओरडणारे व्हिडिओ तेव्हा खूप फिरले. ओरडायचं होतं ते मंत्रालयावर.

आता पुण्याच्या लशीबद्दल. ऑक्सफर्डच्या संशोधनातून तयार झालेली ॲस्ट्राझेनेकाची लस सीरमने हडपसर-मांजरीच्या परिसरात बनवली आणि तिला कोव्हिशील्ड हे नाव दिलं. ब्रिटनने सीरमकडे एक कोटी डोस मागितले, त्यातले पन्नास लाख तिथे पोहोचले आणि तिथल्या लोकांच्या दंडात गेले. मग १७ सप्टेंबर २०२१ ला ब्रिटनने प्रवासाचे नवे नियम जाहीर केले, आणि त्यात भारतात दोन्ही डोस घेतलेला माणूस लस न घेतलेल्यांत धरला. कारखाना तोच. लस तीच. लीड्समध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्याला टोचली तर तो सुरक्षित, आणि हडपसरला राहणाऱ्या मास्तरला टोचली तर त्याने लंडनला जाऊन दहा दिवस खोलीत बसायचं.

आरडाओरडा झाल्यावर २२ सप्टेंबरला कोव्हिशील्डचं नाव मान्य लशींत घातलं गेलं. पण भारतीयांची सुटका झाली नाही. आता अडचण प्रमाणपत्राची आहे असं सांगण्यात आलं. आपल्या लसनोंदणीच्या कोविन पोर्टलच्या प्रमाणपत्रावर वय होतं, जन्मतारीख पूर्ण नव्हती. सप्टेंबर संपता संपता आपण जन्मतारखेचं वेगळं प्रमाणपत्रही काढलं. शेवटी ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. तीन दिवसांत ब्रिटन नमलं, ११ तारखेपासून आपल्यावरची सक्ती उठली आणि १३ ला आपणही आपला नियम मागे घेतला.

तेव्हा आपल्याकडे ढोल वाजले. वाजायला हरकत नव्हती, कारण त्या वेळी ठाम राहायलाच हवं होतं. पण या प्रकरणातून जे उघडं पडलं त्याकडे कोणी बघितलं नाही. नियम शास्त्राला धरून असता तर तो आपल्या धमकीने बदलला नसता. तो धमकीने बदलला, म्हणजे त्याच्यामागे शास्त्र नव्हतंच. आणि ज्या देशाला धमकी द्यायची ऐपत नाही त्याने काय करायचं? केनियाला ब्रिटनने स्वतः लसी दान केल्या होत्या, आणि त्याच लसी टोचून घेतलेला केनियाचा माणूस सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या लेखी लस न घेतलेला होता.

त्याआधी, २३ एप्रिलला आपण ब्रिटनच्या लाल यादीत गेलो होतो, तेव्हा तिथे पोहोचलेल्याला दहा दिवस सरकारी हॉटेलात राहावं लागे. एका माणसाचे १,७५० पौंड. ऑगस्टमध्ये लाल यादीसाठी तोच दर २,२८५ पौंड झाला, सुदैवाने तोवर आपण यादीतून सुटलो होतो. सतराशे पन्नास पौंड म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. शिष्यवृत्तीवर निघालेल्या मुलाने ते आणायचे कुठून? ऑगस्टमध्ये सीरमच्या अदर पूनावालांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विलगीकरणासाठी दहा कोटी रुपये बाजूला काढले. चांगली गोष्ट केली. पण लस बनवणाऱ्याने लस न मानणाऱ्यांचा दंडही भरायचा, आणि दोन्ही सरकारांनी हात बांधून उभं राहायचं, ही गोष्ट काही चांगली नाही.

विद्यार्थ्यांचे हाल इथूनच सुरू झाले होते. मे २०२१ मध्ये कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं गेलं. ऑगस्टमध्ये वर्ग भरणार होते. जूनमध्ये केंद्राने परदेशी शिकायला वा नोकरीला जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस घ्यायची मुभा दिली, पुण्यात कमला नेहरू रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली. प्रवेशपत्र, व्हिसा, पासपोर्ट यांच्या झेरॉक्स काढून पहाटे पावसात रांगेत उभी राहिलेली ती मुलं आणि छत्री धरून मागे उभे असलेले त्यांचे बाप मी पाहिले आहेत. ज्यांनी आधी मिळाली म्हणून कोव्हॅक्सिन ही देशी लस घेतली, त्यांना अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी कळवलं, इथे आल्यावर पुन्हा दुसरी लस घ्या. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळायला ३ नोव्हेंबर उजाडला. देशाने दिलेली लस नागरिकाने विश्वासाने घेतली. तिला मान्यता मिळेपर्यंतचा सगळा भुर्दंड मात्र त्याचा एकट्याचा.

कॅनडाचं तर्कट तर मला अजून कळलेलं नाही. २२ एप्रिल २०२१ ला त्यांनी भारतातून येणारी थेट विमानं बंद केली. यायला मनाई नाही, फक्त तिसऱ्या देशातून या आणि चाचणी तिथेच करून आणा. मग आपली मुलं मालदीव, मेक्सिको, सर्बिया अशी वळणं घेत टोरांटोला पोहोचली. चौदा तासांचा बंद प्रवास सोडून तीन विमानं, तीन विमानतळ, तीन रांगा आणि अनोळखी शहरात हॉटेलचा मुक्काम. संसर्ग टाळायला संसर्गाच्या जागा वाढवल्या. सप्टेंबरअखेर थेट विमानं सुरू झाली तेव्हा अट आली, की दिल्ली विमानतळावरच्या एकाच ठरावीक प्रयोगशाळेचा, उड्डाणाआधी अठरा तासांच्या आतला अहवाल पाहिजे. म्हणजे नाशिकच्या मुलाने आधी दिल्ली गाठायची, तिथे चाचणी द्यायची, रात्र काढायची आणि मग उडायचं. मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशाळांना काय आरटी-पीसीआर करता येत नव्हतं?

चाचण्यांच्या धंद्यावर एक स्वतंत्र सदर लिहावं लागेल. महाराष्ट्रात मार्च २०२१ च्या शेवटी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरचा दर पाचशे रुपयांवर आणला. दुबईला जाणाऱ्यांना विमानतळावर तातडीची चाचणी सक्तीची झाली, तेव्हा मुंबई विमानतळावर तिचा दर साडेचार हजार होता. यंत्र वेगळं असतं, निकाल लवकर मिळतो, सगळं मान्य. पण घरातल्या पाच जणांचे साडेबावीस हजार झाले, आणि ते देणारा माणूस आखातात फोरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन होता.

त्या माणसाबद्दल मराठी वर्तमानपत्रांत सगळ्यात कमी छापून आलं. अमेरिकेतल्या मराठी माणसाचा व्हिसा लांबला की पहिल्या पानावर बातमी येते. पण कोकणातल्या श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातली हजारो घरं आखातातल्या पगारावर चालतात. त्यांच्या वाट्याला जे आलं ते नियमात बसवून केलेलं छळणं होतं.

ऑगस्ट २०२० पासून कुवेतने भारतातून थेट यायला बंदी केली. अट अशी, की बंदी नसलेल्या देशात चौदा दिवस राहा आणि मग या. सप्टेंबरमध्ये सौदीनेही भारताचं दार लावलं. मग सगळ्यांनी दुबईचा रस्ता धरला. एजंट चौदा दिवसांचं पॅकेज विकायला लागले, त्यात व्हिसा, खोली, जेवण आणि चाचणी. म्हसळ्याकडचा एक ओळखीचा ड्रायव्हर जानेवारी २०२१ मध्ये असाच निघाला, बायकोचे दागिने सोसायटीत ठेवून. दुबईच्या देरा भागात एका खोलीत सहा जण. गाद्या जमिनीवर, मोबाइल चार्जिंगला एकच पॉइंट, त्यासाठी पाळ्या. दिवस मोजायला भिंतीवर पेन्सिलीने रेघा. त्याचे दिवस भरत आले आणि ३ फेब्रुवारीला सौदीने भारत आणि संयुक्त अरब अमिराती दोघांनाही बंदी केली. ७ तारखेपासून कुवेतने बिगर-कुवेतींना प्रवेशच थांबवला. दुबईत अडकलेल्या अशा सगळ्यांना आपल्या दूतावासाने सांगितलं, परत भारतात जा.

परत आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, मी चौदा दिवस बसलो. नियम पाळला ना मी? मग त्यांनी का नाही पाळला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. एप्रिलच्या शेवटी दुबईनेही भारतीयांना दार बंद केलं, म्हणजे तोही रस्ता गेला. कुवेतला थेट विमानं सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, सौदीने थेट प्रवेश दिला १ डिसेंबरला. सव्वा वर्ष. एवढ्या काळात मालक थांबतो का? जे गेले नाहीत त्यांच्या जागी दुसरे आले. जे कर्ज काढून गेले आणि परत आले, त्यांची भरपाई करायला ना तिकडचं सरकार पुढे आलं ना इकडचं. गावात सोसायटीचे हप्ते थकले, आणि थकबाकीच्या यादीत कारण लिहायचा रकाना नसतो.

दुसऱ्यांना नावं ठेवताना आपलं सरकार विसरू नये. स्वतःच्या नागरिकाला स्वतःच्या देशात येऊ न देणं, हे मला या सगळ्यात सर्वांत वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना पाच वर्षं तुरुंग आणि ६६,६०० डॉलर दंडाची भीती घातली. तेव्हा सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन इथे अडकलेले होते, बरेचसे मूळचे भारतीय. दोन आठवड्यांनी ती बंदी उठली, पण असा विचार करता आला हेच भयंकर होतं. पण मार्च २०२० मध्ये आपणही हेच केलं होतं, फक्त तुरुंगाचं नाव न घेता. १७ मार्चला फिलिपिन्स आणि मलेशियाहून येणारी विमानं तडकाफडकी बंद झाली आणि घरी निघालेले वैद्यकीय विद्यार्थी क्वालालंपूरच्या विमानतळावर फरशीवर झोपले. २२ मार्चनंतर कोणालाच येता आलं नाही. अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेचं पहिलं विमान ७ मे ला आलं, आणि त्याचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं होतं. नोकरी गेली म्हणून परत येणाऱ्याकडूनच भाडं घेतलं. त्यातही सुरुवातीला परदेशी पासपोर्ट असलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या बाळांना चढू दिलं नाही. आई-बाप भारतीय, बाळ न्यू जर्सीत जन्मलेलं. आईने यायचं आणि तान्ह्या बाळाने मागे राहायचं? ही चूक २२ मे ला दुरुस्त झाली. ती दुरुस्त करायला तेवढे दिवस का लागले, हे कोणी विचारलं नाही.

विमानं सुरू झाली तेव्हाही सगळं सुरळीत झालेलं नव्हतं. मार्च २०२२ च्या मध्याला १५६ देशांच्या पर्यटकांना पाच वर्षांचा ई-व्हिसा पुन्हा सुरू केला, त्यात ब्रिटन नव्हतं. लस प्रकरण ऑक्टोबरमध्ये मिटलं म्हणता ना? मग गोव्यातल्या कांदोळी-कळंगुटचा शॅकवाला दोन हंगाम बुडाल्यावर तिसऱ्यालाही ब्रिटिश गिऱ्हाईक का गमावत होता? सरकारांच्या रुसव्याचं बिल शॅकवाल्याने का भरायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन समितीने १९ जानेवारी २०२२ ला स्पष्ट सांगितलं, की सरसकट प्रवासबंद्या उठवा किंवा सैल करा, त्यांचा उपयोग होत नाही. पुढची साथ येणारच आहे, म्हणून आत्ता, विमानं भरभरून उडत असतानाच, देशांनी काही गोष्टी कागदावर मान्य केल्या पाहिजेत. माणसाची चाचणी करा, त्याच्या देशाची नको. नियम बदलला तर जो आधीच निघाला आहे त्याला जुनाच नियम लागू राहू द्या. प्रत्येक बंदीवर ती संपायची तारीख घाला, आणि वाढवायची असेल तर कारण जाहीर करा. विलगीकरण सक्तीचं असेल तर त्याचा खर्च सक्ती करणाऱ्याने सोसावा. संघटनेच्या यादीतली लस सगळ्यांनी मानावी. आणि स्वतःच्या नागरिकाला दार कधीही बंद नको. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण यातल्या एकाही गोष्टीसाठी भारताने कुठे टेबलावर मूठ आपटल्याचं मी वाचलेलं नाही. ब्रिटनपुढे आपटता आली, ती कुवेतपुढे का नाही आली?

आणि चीन. तिथे शिकणारे, बहुतेक वैद्यकशास्त्राचे, तेवीस हजार भारतीय विद्यार्थी २०२० च्या सुरुवातीला घरी आले ते एप्रिल २०२२ मध्येही घरीच होते. मार्च २०२१ मध्ये चिनी दूतावासाने सांगितलं, की चिनी लस घेतलेल्यांना व्हिसा देऊ. ती लस भारतात मिळतच नव्हती. मुलं दोन वर्षं घरातल्या कोपऱ्यात लॅपटॉपवर शरीरशास्त्र शिकत होती, हात न लावता. आणि ८ फेब्रुवारी २०२२ ला आपल्याच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की निव्वळ ऑनलाइन झालेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य होणार नाही. चीन येऊ देत नव्हता आणि भारत घरी बसून झालेलं शिक्षण मानत नव्हता. युक्रेनहून मुलांना फुकट विमानाने आणलं याचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारने या तेवीस हजार मुलांना एक ओळीचं उत्तर दिलेलं नव्हतं.

चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी २५ मार्चला दिल्लीत होते. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी विद्यार्थ्यांचा विषय काढला आणि संबंधितांशी बोलतो असं आश्वासन मिळालं. त्यानंतर दोनच दिवसांनी आपली विमानं सुरू झाली. बीजिंगकडून तारीख तेव्हा आलेली नव्हती. परराष्ट्र मंत्रालयाने ती मागायला हवी होती, दर आठवड्याला मागायला हवी होती, आणि काय उत्तर मिळालं ते या मुलांच्या आई-बापांना दर आठवड्याला कळवायला हवं होतं.